चौथ्या पेटीतले ओरखडे

माझ्या मुलीला दगड शिकायचे होते आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्या चांगुलपणाबद्दल कोणाचा भलता समज व्हायला नको.

तिला जिऑलॉजीच्या चार वर्षांच्या डिग्रीला जागा मिळाली होती. फी आमच्या ऐपतीबाहेरची, म्हणून शिक्षणाचं कर्ज काढायचं ठरलं. कर्जाला जामीन हवा, आणि बँकेला जामीन कायम नोकरीवालाच लागतो. आमचे हे बसच्या आगारात रोजंदारीवर इंजिनं दुरुस्त करतात, तेव्हा घरात कायम नोकरीवाली मी एकटी. अर्जावर बाकी सगळं भरून झालं होतं, फक्त माझी सही राहिली होती. आज करू, उद्या करू म्हणत तीन आठवडे मी ती टाळत आणली. आता शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी पाचपर्यंत बँकेत सही झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाणार होती.

मी नाही म्हणत होते ते उगीच नाही. ज्या शेडमध्ये मी बावीस वर्षं काम करते, तिथं ही डिग्री घेतलेली माणसं मी रोज बघते. ड्रिलिंगची कंपनी आहे आमची. पूल, बोगदा, काहीही बांधायचं असलं की आधी जमिनीत खोल भोक पाडतात आणि आतला दगड गोल कांड्यांच्या रूपात वर काढतात. त्या कांड्या लाकडी पेट्यांतून आमच्याकडे येतात. एका पेटीत पाच ओळी, एकेक मीटरच्या. पुस्तकातल्यासारख्या डावीकडून उजवीकडे, वरून खाली वाचायच्या. मी त्या धुते, जुळवून लावते आणि कुठली कांडी किती खोलीवरची, ते लाकडी ठोकळ्यांवर लिहून ते ठोकळे मशीनची एकेक खेप संपते तिथं बसवते. मग भूशास्त्र शिकलेला माणूस येतो, भिंग लावून बघतो, लिहितो आणि सही करतो. शेडमध्ये मला सगळे पेटीबाई म्हणतात. बावीस वर्षांत असे भिंगवाले अकरा आले आणि दहा गेले. कामं थंडावली की पहिली गच्छंती त्यांची. पेटीबाई मात्र जागच्या जागी.

म्हणून मी मुलीला अट घातली होती. शेवटचा दिवस माझ्याबरोबर शेडमध्ये काढ, आमच्या सरांना, म्हणजे अकराव्या भिंगवाल्याला, हवं ते विचार, मग सहीचं बघू. आणि आदल्या दिवशीच मी सरांना गाठून ठेवलं होतं. "तिला खरं सांगा," म्हटलं. "उगाच साखर घालू नका." निकाल आधी लिहून मग खटला चालवण्यातला हा प्रकार आहे, हे मला कळत होतं. पण आईने असं करू नये असा काही कायदा नाही.

मुलीला घरात सगळे गोटी म्हणतात. लहानपणी हिच्या खिशात कायम दगड असायचे; आमचं कपडे धुण्याचं मशीन त्यापायी दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा तिच्या बाबांनी ते खोलून, आतला दगड धुऊन, तिला परत दिला. लाड कोणी केले ते एवढ्यावरून समजावं.

नऊ वाजता आम्ही शेडमध्ये पोचलो. पत्र्याचं छप्पर, छपरापर्यंत पेट्यांच्या मांडण्या, मधे लांबच लांब टेबल आणि त्याच्या पलीकडे एक खिडकी. गोटीने दारातच एक मोठा श्वास घेतला. ओल्या दगडाचा वास तिला आवडतो. मला त्या वासाने बावीस वर्षं सर्दी आहे.

सरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि खरोखरच साखर घातली नाही. चार वर्षांच्या डिग्रीने फक्त दारात उभं राहता येतं, आत यायचं तर आणखी दोन वर्षं शिकावं लागतं, तोवर कोणी सही करू देत नाही. पहिली नोकरी घरापासून लांब, जिथं रस्ता संपतो तिथं. बाईमाणसाला आडोसाही नसतो. आधी ज्या खाणीत होते ती बंद पडली तेव्हा ते चौदा महिने घरी बसले, त्यातले सहा महिने फोनची कव्हरं विकली. शिक्षणाचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं, पस्तिसाव्या वर्षी. इथंही ते करारावर आहेत, वर्षावर्षाच्या.

"पाण्याचं काम आहे, पुलांचं आहे, बोगद्यांचं आहे," ते म्हणाले. "काम नाही असं नाही. पण ते कायम तुझ्यासाठी असेल असं नाही."

"तुम्ही परत हेच घेतलं असतं का?" गोटीने विचारलं.

"हिशेब केला तर नाही."

"आणि हिशेब न करता?"

सर हसले. "ती चैन तुझ्या आईला परवडणार आहे का, ते तिला विचार."

मला वाटलं, झालं काम. गोटी खाली बघत होती. मला तिची कीवही आली आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी गुणगुणत पेट्या धुवायला घेतल्या.

सर त्या दिवशी सात नंबरच्या भोकाचा रिपोर्ट पुरा करत होते. नदीवरच्या नव्या पुलाचा एक खांब नेमका त्या जागी उभा राहायचा होता. साडेबाराला त्यांनी सही केली. तेवढ्यात मोठे साहेब आले. मोठे साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण घड्याळ गिळून जन्माला आलेला.

"तीनला रिपोर्ट मेल झाला पाहिजे," ते म्हणाले. "उद्या सकाळी त्यांचं खोदकाम सुरू. पाया पंधरा मीटरवर बसणार, बरोबर?"

"बरोबर," सर म्हणाले. "चौदाच्या आसपास साठ सेंटीमीटरचा कुजका पट्टा आहे, तो खोदकामातच निघून जाईल. त्याच्याखाली अठरापर्यंत घट्ट दगड."

साहेबांची नजर गोटीवर गेली. "ही कोण?"

"माझी मुलगी. एक दिवसापुरती आलीय."

"शेड म्हणजे पाळणाघर नाही, बाई. आणि आधीच तुमच्या नावावर एक लेखी ताकीद आहे, विसरू नका."

विसरले नव्हते. मागे मी दोन पेट्यांच्या झाकणांची अदलाबदल केली होती. पुन्हा चूक झाली तर नोकरीचा विचार करावा लागेल, असं त्या कागदावर होतं. मी मान डोलावली. साहेब गोटीसमोर बोलले म्हणून अंगाचा तिळपापड झाला होता, पण तोंड उघडलं नाही.

रिपोर्टबरोबर पेट्यांचे फोटो जातात. कांड्या ओल्या केल्या की दगडाचा रंग नीट उठतो, म्हणून फोटोच्या आधी त्यांच्यावर पाणी मारायचं असतं. सर जेवायला गेले होते. ते काम मी गोटीला दिलं आणि मी डब्याचं झाकण उघडलं. ती एकेका पेटीवर फवारा मारत चालली होती. पहिली, दुसरी, तिसरी. चौथीपाशी थांबली.

"आई, हे ओरखडे कसले गं?"

"मशीनच्या नळीत खाली एक स्प्रिंगची कडी असते," मी घास चावत सांगितलं. "वर ओढताना ती दगडाला धरून ठेवते. प्रत्येक खेपेच्या खालच्या टोकाला तिचे ओरखडे उमटतात."

"खालच्याच टोकाला?"

"हो गं बाई."

"मग सगळ्या पेट्यांत ते ठोकळ्याच्या डावीकडे आहेत. या एकाच पेटीत उजवीकडे कसे?"

हातातला घास डब्यात परत गेला. मी उठून टेबलापाशी गेले आणि चौथी पेटी बघितली. मग पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी. पाचही ओळींत तेच.

मला आदला दिवस आठवला. चौथ्या पेटीचा तळ कुजून आला होता. कांड्या नव्या पेटीत हलवायच्या होत्या, जुन्या ठोकळ्यांवरचे आकडे पाण्याने पुसले गेले होते, म्हणून मोकळे ठोकळे ठेवत गेले आणि आकडे सगळं झाल्यावर नव्याने घातले. नेमका तेव्हाच ह्यांचा फोन आला. शेडमध्ये फोनला रेंज फक्त खिडकीपाशी मिळते, म्हणून मी टेबलाच्या पलीकडे गेले, फोन खांद्यात धरला आणि तिथूनच कांड्या लावायला लागले. हे म्हणत होते, पोरीला करू दे. मी म्हणत होते, तुमचं काय जातं, सही मला करायचीय. भांडता भांडता पाच मीटर दगड मी लावून टाकला. पलीकडून उभं राहिल्यावर माझी डावी बाजू म्हणजे पेटीची उजवी, हे बावीस वर्षं काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. अख्खी पेटी उलटी लागली होती. आकडे मी नंतर अलीकडे येऊन घातले, सुवाच्य अक्षरात.

पहिल्या पेटीत वरचा तीनच मीटर मुरूम भरला होता, म्हणून चौथी पेटी तेरा ते अठरा मीटरची. तो कुजका पट्टा चौदावर नव्हताच. तो सोळा पॉइंट तीनपासून सोळा पॉइंट नऊपर्यंत होता. पाया बसणार पंधरावर, म्हणजे खांब घट्ट दगडावर उभा राहणार आणि त्या दगडाच्या पोटात भुगा.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"कोणाला बोलू नकोस," मी म्हटलं.

गोटीने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे?"

"म्हणजे तोंड उघडू नकोस. माझ्या नावावर ताकीद आहे. हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली तर जामीन कोण राहणार? तुझी जागा आजच्या आज गेली, कळतंय का?"

"तू तर सही करणारच नव्हतीस."

"करीन," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं मला कळलं नाही. "आत्ता निघू. आत्ता करते सही. पण हे इथंच राहू दे."

मी पोटच्या पोरीला लाच देत होते. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं, तरी आम्ही दोघी कुजबुजत होतो. तिच्या हातातल्या बाटलीतून पाणी टेबलावर ठिबकत होतं.

"मी कोणाला सांगणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तू सांग."

"तुझ्याच फीसाठी चाललंय हे सगळं."

"मग ती फी माझ्यासाठी भरू नकोस."

माझा हात उठला होता. खोटं कशाला बोलू, उठला होता. तिने डोळेही मिटले नाहीत. पुलावरून जाणाऱ्या माणसांचा विचार करून मी सरांना बोलवायला गेले, असं सांगायला मला आवडलं असतं. तो विचार रात्रभर छळत राहिला, पण नंतर. त्या घडीला पोरगी ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती, ती मला सोसवली नाही, एवढंच.

सर धावतच आले. भिंग डोळ्याला लावून पेटीवर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी साइटवरून आलेली ड्रिलरची वही उघडली. ड्रिलर पाणी सोडत भोक पाडतात. दगड फुटका लागला की ते पाणी आतच मुरतं, वर येत नाही. सरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं ड्रिलरने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, सोळा पॉइंट तीनला पाणी परत आलं नाही.

"हे सकाळपासून माझ्यासमोर होतं," ते म्हणाले. "मी वाचलंच नाही."

"चूक माझी आहे, सर."

"पेटी तुमची, ताई. सही माझी."

त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला, स्वतःच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख, वेळ घातली. दोन पन्नास. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपणार होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मोठे साहेब आले तेव्हा त्यांनी आवाज चढवला नाही, त्यानेच मला जास्त धडकी भरली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुलावाल्यांना फोन करून उद्याचं खोदकाम थांबवायला सांगितलं. पलीकडून कोणीतरी बराच वेळ ओरडत होतं आणि साहेब नुसते "हो, हो" म्हणत उभे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाच्या लक्षात आलं हे?"

"हिच्या," सर गोटीकडे बघत म्हणाले.

साहेबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग माझ्याकडे वळले. "उद्या सकाळी दहाला तुम्ही दोघं माझ्या ऑफिसात या. बाई, येताना ओळखपत्र बरोबर आणा."

ओळखपत्र घेऊन या याचा अर्थ आमच्या कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. ते जमा करून घेतात. एक काय तो आशेचा धागा म्हणजे त्यांनी "जमा करा" असं म्हटलं नव्हतं.

मी पिशवी उचलली. चार वाजून गेले होते. सर दारापर्यंत आले.

"ताई, सकाळी हिला जे सांगितलं, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही," ते म्हणाले. "तरी पण सही करा."

मला ते सांगायची गरजच नव्हती. बावीस वर्षांत अकरा भिंगवाले बघितले, त्यांच्यापैकी एकालाही पहिल्या दिवशी ओरखड्यांची बाजू दिसली नव्हती. मी गोटीचं मनगट धरलं आणि बँकेच्या रस्त्याला लागले. ती माझ्या मागे जवळजवळ पळत होती. पगार किती मिळेल, मंदी कधी येईल, नोकरी कुठं लागेल, तीन आठवडे घोकलेलं सगळं माझ्या डोक्यातून उडालं होतं. मला फक्त ती सही करायची होती आणि ती पाचच्या आत करायची होती.

कर्जाच्या खिडकीशी आमच्या आधी दोघे होते. आमचा नंबर आला तेव्हा पाचाला बारा मिनिटं कमी होती. खिडकीतला क्लार्क सभ्य होता, आवाज दमलेला. त्याने अर्ज चाळला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि रोज शंभरदा वाचत असेल तसं वाचलं.

"जामीनदाराची नोकरी आजच्या तारखेला कायम आहे, आणि ती जाण्यासारखं कोणतंही कारण जामीनदाराला माहीत नाही. बरोबर ना? इथं खूण करा, खाली सही."

मी पेन उचललं. "बरोबर," मी म्हटलं.

कागदावर गोटीचा तळहात आला.

"हात काढ," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"आई."

"आज दिवसभरात एकदा खरं बोलले, तेवढं पुरे झालं. हात काढ."

तिने हात काढला नाही. मी तो ढकलायला बघितला. खिडकीसमोर आम्ही मायलेकी एका कागदासाठी झोंबत होतो आणि मागे उभी असलेली माणसं बघत होती. मला लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. मला फक्त घड्याळाचा काटा दिसत होता.

"काही अडचण आहे का?" क्लार्कने विचारलं.

"हिला उद्या दहाला ऑफिसात बोलावलंय," गोटी म्हणाली. "ओळखपत्र घेऊन. नोकरी राहील की नाही, आम्हाला माहीत नाही."

क्लार्कने पेन खाली ठेवलं. त्यालाही ते ऐकायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. "मग मला हा घेता येणार नाही, मॅडम. तुमच्या कंपनीचं पत्र आणा, नोकरी चालू राहणार असल्याचं. मी थांबतो."

"किती वेळ?"

"पाचपर्यंत."

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग सरांना लावला, ते म्हणाले, साहेब पुलावाल्यांकडे निघून गेलेत, मी शोधतो, आणि फोन कट झाला. गोटी भिंतीला टेकून उभी होती. ती सकाळपासून एकदाही रडली नव्हती. आता ओठ घट्ट दाबून, आवाज न करता रडत होती.

"का बोललीस?" मी विचारलं. "तुलाच हवं होतं ना हे?"

"उद्या तुझी नोकरी गेली तर हप्ते कोण भरणार?" ती म्हणाली. "घर जाईल, आई. बाबा कुठून आणतील?"

हाच प्रश्न तीन आठवडे मी तिला रोज विचारत होते, अगदी याच शब्दांत. जेवताना, झोपताना, ती आंघोळीला गेली की दाराबाहेर उभी राहूनसुद्धा. तिला तो पाठ झाला होता.

पाच वाजले. क्लार्कने आमच्याकडे एकदा बघितलं आणि खिडकी लावून घेतली. कुठल्यातरी दुसऱ्या घरात आता कोणाचा तरी फोन वाजणार होता, जागा मिळाली म्हणून. तिने दगड शिकू नयेत म्हणून मी जंग जंग पछाडलं होतं, आणि ते झालं होतं. मी तिच्याशेजारी जाऊन भिंतीला टेकले. तिची समजूत घालावी असं मनात होतं, पण रडू मलाच आवरेना.